झाडाखालचं टक्कल

शेवटच्या साध्या दिवशीही बाबा मागच्या झाडाखाली गुडघे टेकून बसले होते. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. गळलेली पानंसुद्धा चिमट्यानं उचलायचा. तिथल्या दाट सावलीत गवत कधी धरलं नाही, म्हणून त्यांनी सावलीतच पसरणारं एक बुटकं, गोल पानांचं रोप लावलं होतं. चार वर्षांत त्याची मजल जेमतेम खाटेएवढी. ना फूल, ना वास. कोपऱ्यात निमूट पसरायचं, अगदी बाबांसारखं, असं लेक मनात म्हणायची आणि पुस्तकाचं पान उलटायची.

त्या दिवशी त्या हिरवाईच्या मधोमध ताटाएवढा भाग करपलेला होता.

"माझंच चुकलं असेल," बाबा म्हणाले. "मुळं खोल पुरली बहुतेक. तुला काय वाटतं?"

"मला काय विचारता? तुमचं लाडकं, तुम्हीच बघा."

"बरं बाई. कडेचे फुटवे काढून उद्या इथे लावतो."

दुसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत.

पंधरा दिवसांनी दादा मोजपट्टी घेऊन अंगणात उतरला. जे फडक्यानं पुसता येत नाही ते सगळं दादाच्या लेखी घाण.

"फरशी घालून टाकू. गाडी उभी राहील."

"बाबांचं रोप आहे तिथे."

"रोप? हे टक्कल बघ! चार वर्षं माती उकरली आणि धड एक वाफा साधला नाही. म्हणे हातात कला!"

दारातून वहिनी फिस्सकन हसली.

लेकीला दोघांचीही शिसारी आली. हा माणूस म्हणजे शर्ट घातलेला दगड! मग तिच्या ध्यानात आलं, दादा बोलला त्यात नवीन काहीच नव्हतं. चार वर्षं तीही हेच म्हणत आली होती, फक्त मनात आणि बऱ्या शब्दांत.

ती खाली बसली. करपलेल्या कडेवरून दोन फुटवे आत सरकले होते, करंगळीच्या नखाएवढे. तिनं त्यांच्यावर दादानं पसरलेली मोजपट्टी उचलली आणि बाजूला भिरकावली.

"अगं, वेड लागलं का तुला?"

"टक्कल मी पाडलं," ती मोठ्यांदा म्हणाली, दादाकडे न बघता. "बादली मोरीपर्यंत न्यायचा कंटाळा आला, म्हणून कपड्यांचं उकळतं पाणी इथेच ओतलं. तुमचं काही चुकलं नव्हतं, बाबा."