डीकनदादाच्या मापाचा स्टँड

"दादा, जास्त उंच झाला का रं?"

भीमराजनं हे माझ्यावर हात ठेवून विचारलं होतं. तो उंच झालेला स्टँड मीच. पिंपरीच्या कामगार वस्तीतल्या हॉलमध्ये दर रविवारी मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासना, होते, तेव्हा येशूच्या शुभवर्तमानाचं पुस्तक माझ्यावर ठेवतात.

मूळचा मी खोका. माझ्यातून परदेशी मशीन आलं. भीमराजच्या कंपनीनं मशीन ठेवून घेतलं आणि त्यानं साहेबाला विचारून फळ्या घरी आणल्या. १९७८ साली त्याचा थोरला भाऊ पात्रस डीकन झाला होता. डीकन म्हणजे फादर होण्याआधीची पायरी. शुभवर्तमान वाचायचा मान त्याचा. त्यांची आई तानुबाई शेजारणींना सांगायची, "फादर अजून व्हायचाय, पर वाचतो अगदी फादरवानी!"

या आनंदात भीमराजनं मला एका दिवसात ठोकलं. टेप घ्यायला त्याला धीर कुठला! स्वतःच्या छातीशी धरून माप घेतलं. भीमराज सहा फूट. डीकन जेमतेम पाच.

पहिल्या रविवारी लोकांना डीकनचं फक्त कपाळ दिसलं, आणि माझ्या फळीवर छापलेला काचेचा पेला. 'फुटणारा माल, जपून' अशी ती खूण. पण म्हाताऱ्या अंबुबाईंना तो मिस्सेतला द्राक्षारसाचा पेला वाटला. तेव्हापासून त्या येताजाता त्याला नमस्कार करतात.

त्याच संध्याकाळी पात्रसनं माझ्या उरलेल्या तुकड्यांचं स्टूल केलं, माझ्यामागे सरकवलं आणि ते झाकायला पुढून, पेल्याच्या खाली, कापड सोडलं. "भिम्याला कुनी बोलायचं न्हाई," त्यानं सगळ्यांना बजावलं. पुढच्या रविवारी भीमराज छाती काढून म्हणाला, "बगा, दादाला कसा मापात बसलाय!" अख्ख्या वस्तीनं माना डोलावल्या.

एकदा वाचता वाचता स्टूल कलंडलं. डीकन एकदम खाली गेला. भीमराजला वाटलं, दादानं भक्तीनं गुडघे टेकले. त्यानंही टेकले. मग सगळा हॉलच धपाधप खाली बसला. डीकन वर आला, तर समोर कुणीच दिसेना.

पुढं उन्हाळ्यात काविळीनं पात्रसला आठ दिवसांत नेलं. भीमराजनं हॉलकडे यायचंच सोडलं.

पात्रसला डीकन होऊन वर्ष झालं असतं, त्या दिवशी तानुबाईनं त्याच्या नावानं मिस्सा सांगितली होती. लोक जमायच्या आधीच भीमराज शिफ्टवरून तडक आला. हातात करवत.

"दादाच न्हाई, तर ह्यो कुनासाठी? जळनाला नेतो!"

अंबुबाई झाडत होत्या. "काप की. पर आदी त्ये कापड उचल."

त्यानं उचललं.

"ह्ये कुनी ठोकलं? एक खिळा सरळ न्हाई!"

"तुज्या दादानं. त्यावरच उभा ऱ्हायचा. तुला वाईट वाटंल म्हनून गप बसलो समदी."

भीमराज स्टुलावर बसला. ते डुगडुगलं.

"म्हंजी त्या दिशी दादा पडला व्हता? आन् मी गुडघं टेकलं व्हय!"

तो हसायला लागला. हसता हसता त्यानं माझ्या पायाला मिठी मारली आणि खूप वेळ सोडलीच नाही. माझी फळी ओली झाली.

मग त्यानं करवत बाजूला ठेवली, शेजारून हातोडी-खिळे मागून आणले. स्टुलाचे वाकडे खिळे उपटून नवे सरळ ठोकले, स्वतः वर उभं राहून पाहिलं. लोक यायला लागले होते. त्यानं स्टूल पुन्हा माझ्यामागे सरकवलं आणि दादा सोडायचा तसं पुढचं कापड नीट खाली सोडलं.