पळीभर पंचामृत

शनिवारी सकाळी फोन केला तो गुरुराजअण्णांनीच, हे कुसुमावती नंतर पुष्कळ दिवस स्वतःला बजावत राहिली. मनात वाईट असतं तर माणसानं फोन तरी कशाला केला असता?

"कुसुम, लगेच ये की गं. आपल्या कोपऱ्यावरच्या तारेला चिकटून वानरीण गेली. पोटाशी पिल्लू आहे. जिवंत आहे."

अण्णा तिचे थोरले चुलतभाऊ. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, मळमड्डीतल्या त्यांच्या गल्लीत सगळ्यात वडीलधारे. कुसुमावतीही त्याच गल्लीत वाढलेली. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाली आणि लोक तीर्थयात्रेला निघतात त्या वयात तिनं नवनगरच्या कडेला एक शेड भाड्यानं घेऊन जनावरांसाठी आसरा उघडला. मांजानं पंख कापलेल्या घारी, गाडीखाली पाय गेलेली कुत्री, मुलगा परदेशी गेल्यावर म्हातारीला झेपेनासं झालेलं मांजर, कुणाच्या न्हाणीघरात निघालेली धामण, सगळं तिथं यायचं. कुत्र्यांची नसबंदी करायची, लस टोचायची आणि ज्या गल्लीतून उचललं त्याच गल्लीत परत सोडायचं, हा तिथला नेम. ह्या नेमावरून मळमड्डीनं तिला सळो की पळो करून सोडलं होतं. उचललीत ना एकदा, मग परत कशाला आणता? घरोघर जाऊन, चहा पिऊन, बोलणी खाऊन तिनं एकेकाला वळवलं. आता त्या गल्लीत चिमणी पडली तरी फोन यायचा. त्याचा तिला फार अभिमान होता.

गाडी हणमंत चालवत होता. आसऱ्याच्या पहिल्या दिवसापासून तो तिच्याबरोबर होता.

"अक्का, आज शनिवार आहे बघा," तो म्हणाला. "मारुतीचा वार. पिल्लाला सोडतील होय ते आज?"

कुसुमावतीनं वनखात्याला फोन लावून कळवलं आणि गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळली.

ते गल्लीत पोचेपर्यंत वानरिणीचा देव झाला होता. तिला खुर्चीत बसवलं होतं. मान पडू नये म्हणून कपाळावरून उपरणं मागं नेऊन बांधलं होतं. अंगभर शेंदूर, गळ्यात झेंडूचे हार, पुढे उदबत्त्या. कालपर्यंत वानरांची हीच टोळी पपया खाते म्हणून हेच लोक फटाके लावून तिला हाकलत होते. आज बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. आणि त्या हारांच्या खाली, मेलेल्या आईच्या केसांत मुठी रुतवून, काळसर पिल्लू तिच्या स्तनाला चिकटलं होतं. चोखायचं, थांबायचं, वर तिच्या तोंडाकडे बघायचं आणि पुन्हा चोखायचं.

ती पुढे झाली तसा अण्णांनी हात आडवा धरला.

"थांब गं. आरती होऊ दे. आईपासनं आत्ताच तोडू नये."

"अण्णा, उपाशी आहे ते. ऊन बघा केवढं चढलंय."

"पाचच मिनिटं. एवढी माणसं जमलीत, दिसायलं नाही तुला?"

दिसत होतं की. ओढून काढलं असतं तर दहा हात मध्ये पडले असते, आणि उद्यापासून ह्या गल्लीतून एक फोन आला नसता. कुठल्या तरी ड्रेनेजमध्ये कुत्रं कण्हत राहिलं असतं आणि कुणी कळवलं नसतं. पाच मिनिटांनी काय होतंय, असं तिनं मनाशी म्हटलं. वडीलधाऱ्या माणसाचा शब्द जमावात कसा मोडायचा, हेही होतंच. ती मागं सरकून उभी राहिली.

आरती संपता संपता अण्णा तांब्याचं भांडं घेऊन खाली वाकले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ते खोटं नव्हतं.

"लेकरू उपाशी आहे माझं," म्हणत त्यांनी पंचामृतानं भरलेली पळी पिल्लाच्या तोंडाशी नेली.

"अण्णा, नको! आडवं आहे ते, छातीत जाईल!"

टाळांच्या आणि घंटेच्या गजरात तिचं ओरडणं कुणाला ऐकू जाणार! पळी रिकामी झाली. पिल्लू ठसकलं, नाकातून पांढरं आलं.

"प्यायलं, प्यायलं!" बायकांनी हात जोडले.

अण्णांनी दुसरी पळी भरली. कुसुमावती माणसं ढकलत पोचली तोवर तीही झाली होती, आणि खुर्ची उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवत होते. मग गुलाल, मग ताशा. ट्रॅक्टर मुंगीच्या पावलांनी निघाला. ती ट्रॉलीच्या कडेला हात धरून भर उन्हात चालत राहिली आणि पिल्लाच्या बरगड्यांवरून त्याचे श्वास मोजत राहिली. कुणीतरी तिच्याही कपाळाला गुलाल लावला.

मारुतीच्या देवळामागं खड्डा खणला होता. आईला खाली सोडताना तिघांनी मिळून पिल्लाला ओढून काढलं आणि नारळाबरोबर कुसुमावतीच्या हातात दिलं.

"घे, आता हे तुझं," अण्णा म्हणाले.

आसऱ्यात डॉक्टर दीपालीनं पिल्लाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग मान हलवली. औषधं दिली, वाफ दिली, ऊब दिली. रविवारी दुपारी पिल्लू गेलं. मुठी उघडल्या तेव्हा आत आईचे केस होते. कुसुमावती आयुष्यात इतकी मोठ्यानं रडली नव्हती. हणमंत कुत्र्यांना भात घालायचं सोडून तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिला. संध्याकाळी वनखात्याची माणसं येऊन पिल्लाला घेऊन गेली.

पुढच्या शनिवारी अण्णा आले. बरोबर गल्लीतल्या बायका, केळ्यांचा घड, आणि हातात तेच तांब्याचं भांडं.

"कुठं आहे आमचा बाळमारुती?" फाटकातूनच त्यांनी विचारलं. "माझ्या हातनं कसं गटागट प्यायलं होतं बघ!"

गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. पण तिच्यानं झालं नाही.

"गेलं ते, अण्णा. तुम्ही पाजलेलं पंचामृत छातीत उतरलं. त्यानंच गेलं."

अण्णांनी फाटकाचा आधार घेतला. आता हा म्हातारा कोसळणार, असं वाटून तिनं हात पुढं केला. पण त्यांनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा चेहरा उजळला होता.

"म्हणजे शेवटचं तीर्थ माझ्या हातनं मिळालं त्याला," ते बायकांकडे वळून म्हणाले. "केवढं भाग्य त्या जिवाचं!"

बायकांनी हात जोडले. कुसुमावतीला वाटलं, आपण शाळेत इतकी वर्षं शिकवलं ते सगळं भिंतींनीच ऐकलं.

"आत आणखी आजारी जीव असतील की," अण्णा म्हणाले. "सगळ्यांना पळी पळी देतो. दर शनिवारी येत जाऊ आम्ही."

ते पाऊल टाकणार, तोच तिनं फाटक ओढलं आणि कडी घातली. थोरल्या भावाच्या तोंडावर. आत कुत्री भुंकत सुटली. केळी फाटकापाशी ठेवून अण्णा बायकांना घेऊन परत गेले.

त्यानंतर मळमड्डीतून फोन आला नाही. चिमणी पडल्याचा नाही, कुत्र्याचा नाही.

दिवाळी होऊन गेली आणि एके सकाळी हणमंतनं वर्तमानपत्र आणून तिच्यापुढं ठेवलं. त्याच कोपऱ्यावरची तीच तार, दुसरी वानरीण. खुर्ची, उपरणं, शेंदूर, बाजूला हात जोडलेले अण्णा. फोटो छान रंगीत होता. हारांच्या खालून दोन बारीक मुठी दिसत होत्या. कुसुमावतीनं फोटोखालची तारीख पाहिली. फोटो परवाचा होता.