गेममधलं ह्यांचं नाव

माज्या जिभेला हाड न्हाय, असं सासूबाई म्हणायच्या. खरंच हाय ते. कुणाला बी काय बी बोलीन, पण ह्यांचं नाव मी कवा घेतलं न्हाय. लग्नात उखाण्याला अडवलं तवा बी नुसती पुटपुटले, आन बायाच म्हणल्या, घेतलं बाई घेतलं, सोडा तिला.

त्या उन्हाळ्यात ह्यांना हर्नियाचं आपरेशन सांगितलं. टोमॅटोची कॅरेटं उचलून उचलून दुखणं ओढवून घेतलेलं. बारामतीच्या डॉक्टरनं सोमवार दिला आन बजावलं, आता लांबवू नका, आतडं अडकलं तर जिवावर बेतंल. ह्ये कवाच तयार व्हते. घाबरले व्हते ती मी. कापायचं मला भ्या न्हवतं, भ्या त्या भुलीचं. चांगला बोलताचालता माणूस सुई टोचून निजवायचा, आन त्यो परत उठंल ह्येची हमी कोण देणार?

त्यात आमचा ज्ञानेश. त्यो बारामतीत कम्प्युटरच्या क्लासात शिकवायचा. मे म्हयन्याची सुट्टी लागली तसा क्लासातला एक कम्प्युटर चादरीत गुंडाळून जीपमधनं वडगावला घरी घेऊन आला आन कांद्याच्या ढिगाशेजारी टेबलावर मांडला. त्यात एक गोष्टीचा गेम व्हता. एक गडी गावोगाव हिंडतो, भेटंल त्याच्याशी बोलतो, लांडग्यांशी लढतो, आन डोंगराच्या पोटात चेटकिणीनं अडवून ठेवलेली नदी सोडवून आणतो. सुरुवातीलाच त्यो गेम इचारतो, तुमच्या गड्याचं नाव काय? ज्ञानेशनं बापाचं नाव घातलं. बापाला बी गुदगुल्या झाल्या, खुर्ची पुढं ओढून बसले.

पयल्याच जंगलात लांडग्यानं गड्याला धरलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. आमची सुप्रिया बारावीला, तिला वाचून दावायची भारी हौस. तिनं बापाचं नाव घेऊन खणखणीत वाचलं, अमुक अमुक मेला. मी भाकरी तव्यावर टाकून तशीच बाहेर आले.

"तुजं थोबाड फोडीन," मी म्हणलं. "सोमवारी आपरेशन, आन ह्ये बोलणं घरात?"

"आई, आगं खेळ हाय त्यो," ज्ञानेश म्हणला. "मेला तरी मागं जाऊन परत खेळता येतं."

"माणसाला येतं व्हय मागं जाता? मग आता नीट ऐका. हितनं पुढं एकदा बी मरायचं न्हाय. ह्यो गडी शेवटपतुर जित्ता पोचला, तरच सोमवारी दवाखाना. न्हायतर मी जाऊ देणार न्हाय."

"आगं, पोट माजं दुखतंय," ह्ये म्हणाले, "आन तू त्या चित्रावर ठरवणार व्हय?"

"व्हय," मी म्हणलं. भाकरी करपली ती करपलीच.

मग मी सोता टेबलाशी जाऊन बसले. ज्ञानेशची खेळायची तऱ्हा बघितली आन डोकं फिरलं. एका गावात एक म्हातारी बोलाय लागली, तर ह्येनं बटण दाबून तिचं बोलणंच उडवलं.

"म्हातारं माणूस बोलतंय आन तू तसाच चाललास? परक्या गावात असं वागत्यात? माघारी फिर. वाच गं सुप्रिया."

सुप्रियानं मराठीत सांगितलं. त्या म्हातारीचा एकुलता एक ल्योक जंगलात लांडग्यांनी खाल्लेला. ती म्हणत व्हती, बाबा, दिवटी पेटवून जा, आगीला ती भित्यात. दिवटी घेतली आन जंगल सुखरूप पार झालं.

तवापासनं आमी कुणाला बी सोडलं न्हाय. लोहार, नावाडी, खानावळवाली, सगळ्यांचं ऐकून घ्यायचं. गड्याला येळेवर खाऊ घालायचं, रात झाली की धर्मशाळेत निजवायचं. त्याच्या जोडीला एक मुकी पोर लागली व्हती, तिची बी काळजी घ्यायची. मला वाटलं व्हतं नुसती हाणामारी असंल, पण ज्यानं कुणी ती गोष्ट रचली त्यानं लई जीव लावून रचलेली. नदी अडवणारी चेटकीण बी नुसती वंगाळ न्हवती. नदीच्या पुरात तिचं लेकरू वाहून गेलेलं, म्हणून तिनं पाण्यावर दात धरलेला. मला तिचा रागच येईना. आन कीर्तनात आपण बसून ऐकायचं असतं, हितं म्हातारी आपल्याकडं बघून इचारती, जाशील का बाबा? व्हय का न्हाय ते आपणच म्हणायचं. मी परत्येक येळी आधी ह्यांच्याकडं बघायची, मग व्हय म्हणायची.

गल्लीत बी बातमी फुटली. शेजारची दगडाबाई पाण्याला जाताना इचारायची, "दाजी कुठवर आलं?" दाजी आपले ओट्यावर लसूण सोलत बसलेले. तितनंच सांगायचे, "डोंगराच्या पायथ्याला मुक्काम हाय आज."

रविवारी दुपारी गडी डोंगराच्या पोटात पोचला. चेटकिणीनं फुंकर मारली आन त्यो आडवा झाला. मेला न्हाय, निजला, पण उठंना. ती मुकी पोर त्याच्या उशाला बसली, आन पयल्यांदा तिला वाचा फुटली. सुप्रिया वाचता वाचता थांबली.

"आई, ती म्हणतीय, नाव घेऊन हाक मारली तरच उठंल."

ज्ञानेशनं दोन्ही हात वर केले. "आता तू सांग आई. कुणाला हाक मारायची?"

"बापाचं नाव तुला ठावं न्हाय व्हय? घाल की."

"न्हाय. तुज्या तोंडनं आल्याबिगर एक अक्षर घालत न्हाय."

दगडाबाई दारात पदर तोंडाला लावून हसाय लागली. ह्ये बी पुढं सरकले. "आगं, मी निजलोय तितं," म्हणाले. "उठीव की."

मी तोंड उघडलं आन मिटलं. नाव काय बाहेर येईना. शेवटाला ज्ञानेशलाच दया आली, त्यानं टपाटपा बटणं दाबली. गडी उठला. नावाड्याला घावलेला तिच्या लेकराचा लाकडी बैल चेटकिणीला दिला तशी ती रडली आन नदी सुटली. आमी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दगडाबाईनं घरनं गूळ आणून वाटला. माज्या छातीवरला दगुड उतरला. ह्ये तेवढे गूळ खाता खाता म्हणाले, "म्हंजी मला उठवायला पोरगं लागलं."

सोमवारी आपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, झ्याक झालं. ह्यांना आणून खाटंवर निजवलं, डोळं मिटलेलं. पोरं दोघं औषधं आणाय खाली गेली. नर्सबाई मला म्हणली, "मावशी, पेशंटला नावानं हाक मारा. जाग आली पायजे."

"आवो," मी म्हणलं. ह्ये हलले न्हाईत. "आवो, ऐकलं का? सुप्रियाचं बाबा?" काय न्हाय.

"नावानं, मावशी," नर्स म्हणली.

हितं ज्ञानेश न्हवता बटणं दाबाय, आन मागं जायची बी सोय न्हवती. मला ती मुकी पोर आठवली. मी ह्यांचा हात धरला, कानाशी वाकले आन म्हणलं, "सावळाराम."

काय न्हाय. मग माजा धीर सुटला. "सावळाराम, उठा की वो. उठा, सावळाराम."

डोळं न उघडता ह्ये म्हणाले, "नीट ऐकू आलं न्हाय."

नर्सबाई तोंड फिरवून खुदूखुदू हसाय लागली. ह्ये आपरेशनच्या खोलीतच जागे झालेले, आन तिलाच फितवून ठेवलेली. मी म्हणलं, मेल्या, जीव गेला व्हता माजा. रागानं हात झटकून टाकला, परत धरला, आन रडाय लागले ते हसत हसतच.

"एकदा घे की परत," ह्ये म्हणाले.

घेतलं. असं खणखणीत घेतलं की शेजारच्या खाटंवरला पेशंट उठून बसला.