पैलवानाचा लॅपटॉप

वर्गातली पोरं ज्याला चष्म्या म्हणतात, त्याचं नाक फुटलं तेव्हा मी फळ्यावर मुलाखतींचा क्रम लिहीत होते. मागे खुर्ची आपटली. वळून बघते तर प्रोजेक्टमधल्या त्याच्या जोडीदारानं, पैलवानानं, त्याची कॉलर धरून त्याचं तोंड पुन्हा टेबलावर हाणलं.

"सोड त्याला."

"महिनाभराचं काम पुसलंय यानं माझं, मॅडम."

कंपनीतली चांगली नोकरी सोडून मी इथे कॉलेजात शिकवायला आले ती शेवटच्या वर्षाच्या पोरांना कामाला लायक करायला. प्रोजेक्ट दोघांनी मिळून करायचा, कोड एकाच सर्व्हरवर ठेवायचा आणि सर्व्हरनं नकार दिला तर निमूट ऐकायचं, हे मी वर्षभर कानीकपाळी ओरडत होते. आज एका कंपनीच्या बाई प्रोजेक्ट बघायला येणार होत्या. पैलवानाइतका स्वच्छ कोड वर्गात कुणाचाच नव्हता, पण मुलाखतीत त्याची दातखीळ बसायची. बाकीच्या कंपन्यांनी त्याला वाटेला लावलं होतं. ही शेवटची होती.

चष्म्यानं सकाळी एक बारीक दुरुस्ती केली. सर्व्हर ती घेईना, कारण पैलवानाचं नवं काम या पठ्ठ्यानं आपल्याकडे उतरवूनच घेतलं नव्हतं. मग शहाण्यानं जबरदस्तीची कमांड दिली. त्याची जुनी प्रत सर्व्हरवर चढली आणि पैलवानाचा कोड तिथून गेला. मला त्याचा असा संताप आला की काय सांगू. पण म्हणून कुणी कुणाचं तोंड फोडत नाही.

मी पैलवानाचा दंड धरला. त्यानं असं झटकलं की मी कपाटावर आदळले. चष्म्या रक्ताळल्या तोंडानं काहीतरी सांगू बघत होता, कुणाला कळत नव्हतं. पैलवानानं हाताशी होता तो स्वतःचाच लॅपटॉप उचलला.

"लॅपटॉप ठेव खाली," मी ओरडले. त्याला वाटलं, मी चष्म्याला वाचवतेय.

त्यानं तो दोन्ही हातांनी चष्म्याच्या अंगावर हाणला. चष्म्यानं हात आडवा धरला आणि मनगट कडकन मोडलं. लॅपटॉप फरशीवर पडला. "आता काय चाटायचाय हा?" म्हणत पैलवानानं त्यावर बूट हाणले, आतल्या डिस्कचे तुकडे होईस्तोवर. मग दम लागून थांबला.

"अरे, सर्व्हरवरचं गेलं होतं," मी म्हणाले. "तुझं काम तुझ्या लॅपटॉपवर होतंच. परत चढवायचं फक्त."

चष्म्या टेबलाखालून रक्त थुंकत म्हणाला, "तेच सांगत होतो मी. बोलू देईल तर ना हा."

पैलवान गुडघ्यांवर बसला आणि तुकडे गोळा करू लागला. काचेनं बोटं कापत होती, त्याला भान नव्हतं. माझं काळीज तुटलं, आणि त्याच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली.

कंपनीच्या बाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या, कोण जाणे. त्यांनी फरशीवरच्या रक्ताकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "डोळे झाकून नोकरीवर घ्या म्हणून फोनवर सांगितलं होतंत, तो मुलगा यातला कोणता?"

मी पैलवानाकडे बोट दाखवलं.