काना खोडून मात्रा

छापखान्यातून थेट अकोल्याच्या प्रकाशनाच्या हॉलवर आलेला आपल्या चित्रकादंबरीचा गठ्ठा दीक्षाने स्वतः फोडला, वरची प्रत काढली, एकतिसावं पान उघडलं आणि तिचं डोकंच फिरलं.

चित्र तिचंच होतं. लुटलेल्या जहाजाच्या फळ्यांवर रक्ताचे ओघळ, एका गोऱ्या अंमलदाराचा तुटलेला हात तलवारीसकट पडलेला, आणि मधोमध समुद्री चाच्यांची कप्तान जयवंता. खांद्यावर ताजी जखम, सदरा कमरेपर्यंत उतरलेला. समोर तिने नुकताच बेड्यांतून सोडवलेला तरणाबांड सुकाणूवाला. या एका पानासाठी दीक्षाने अकरा दिवस घातले होते. जयवंताच्या तोंडी तिने लिहिलं होतं, "मले तू पायजे. पण जबरदस्ती नाई. बसाचं असन त बस, नाई त उतर."

आणि छापलं होतं, "मला तू हवा आहेस. परंतु बळजबरी नाही. बसायचे असल्यास बस, अन्यथा उतर."

अन्यथा! अंगावर रक्त, समोर उघड्या छातीचा पुरुष, आणि बाई म्हणते अन्यथा. हा काय तहसीलचा नोटीसबोर्ड आहे?

तिने भराभरा पानं उलटली. तोफ डागणारी, दोर कापणारी, शिव्या घालणारी, जहाजावरची एकूणएक बाई धुऊन पुसून शुद्ध केलेली. सुटला होता एकटा श्रावण. हा जहाजावरचा ढेरपोट्या खानसामा, दर चार पानांनी रश्शाच्या पातेल्यात तोंडावर आपटणारा. त्याचं 'मले भूक लागली बाप्पा' जसंच्या तसं ठेवलं होतं. दीक्षाच्या कागदावर अख्खं जहाज एकच बोली बोलायचं. पुस्तकात ती फक्त विदूषकाच्या वाट्याला आली होती.

चूक तिचीही होती, म्हणून राग दुप्पट. बोलण्याचे फुगे ती हाताने लिहायची. प्रकाशक गजेंद्र म्हणाला होता, फुगे रिकामे ठेवा ताई, मजकूर वेगळा पाठवा, अक्षरं कॉम्प्युटरवर सुबक बसवू, प्रूफं मी पाहून घेतो. तिने मान डोलवली. रिकामी जागा दिसली की कोणीतरी येऊन बसणारच, हे एसटी कंडक्टरच्या पोरीला कळू नये?

गजेंद्र अकोल्याकडचाच. मूळ तेल्हाऱ्याचा, बायकोपोरांशी सकाळ-संध्याकाळ वऱ्हाडीच बोलणारा. स्टेजवर हार मोजत उभा होता, तिथेच तिने त्याला गाठलं.

"हे काय केलं तुमी?"

"अवं ताई, पुस्तक पुण्या-मुंबईले जाईन. मारामारी ठेवली, थो सीन ठेवला, एक कपडा वाढवला नाई मी. फक्त भाषा सारखी केली."

"कावून केली?"

"लोक हासतात न. मी बी वऱ्हाडीच हावो, मले का दुःख नाई? पण वऱ्हाडी बोलली का बाई कॉमेडी वाटते. अन् समुद्रावर वऱ्हाडी कोण बोलते, सांगा बरं?"

"समुद्रावर पुण्याची भाषा कोण बोलते मंग? पुण्यात कोणतं बंदर हाय?"

गजेंद्र हसला. त्याला ते विनोदी वाटलं, कारण ती वऱ्हाडीत चिडली होती. दीक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्यात माइक सुरू झाला, आणि गजेंद्रने तिला जवळजवळ ढकलतच पहिल्या रांगेत बसवलं.

तिथे तिची आई बसली होती. इंदूबाई, बावीस वर्षं एसटीत कंडक्टर, निम्म्याहून अधिक अमरावती-अकोला मार्गावर, गेल्याच वर्षी निवृत्त. दीक्षा दहा वर्षांची असताना, सुट्टीत आईच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून निघाली होती. बडनेऱ्याच्या पुढे एक दारू प्यालेला माणूस कॉलेजच्या पोरीच्या अंगचटीला येऊ लागला. इंदूबाईने एकदाच दोरी ओढली, टण, गाडी थांबली. "बसाचं असन त बस, नाई त उतर." तो गुरगुरला. तिने त्याची गचांडी धरून त्याला भर उन्हात खाली सोडलं, दोनदा दोरी ओढली, टण टण, गाडी निघाली. दीक्षाच्या डोक्यात कप्तान जयवंता त्या दिवशी जन्मली. जहाजही तिने दोन टोल्यांवर हल्ला करणारं काढलं होतं.

आईला मात्र तिने हे कधी सांगितलं नव्हतं. छापलेलं पुस्तकच हातात द्यायचं, असं ठरवलं होतं.

रागिणी मॅडम, कॉलेजातल्या प्राध्यापिका, वाचायला उभ्या राहिल्या. जयवंताची वाक्यं त्यांनी ठसक्यात वाचली आणि लोक गंभीर होऊन ऐकत राहिले. मग श्रावणचं "मले भूक लागली बाप्पा" आलं आणि हॉल खदखदून हसला. अकोल्याचे लोक, घरी जाऊन तेच बोलणारे, पोट धरून हसले. इंदूबाईही हसली. गजेंद्रने दीक्षाकडे बघून भुवया उडवल्या, पाहा, म्हटलं नव्हतं?

इंदूबाईने दीक्षाच्या हातातली प्रत घेतली, चष्मा लावून एकतिसावं पान जवळ धरलं.

"कपडे कमी हायेत वं हिच्या अंगावर," ती कुजबुजली. "पण बाई जबर हाय. बोलते बी मॅडमसारखी. कोणावरून काढली?"

"तुह्यावरून."

"माह्यावरून?" इंदूबाई तोंडाला पदर लावून हसली. "मी कुठं अशी बोलतो? चाल, काईतरीच." तिचं बोट पानावरून सरकत खालच्या चौकटीत गेलं आणि ढेरपोट्या श्रावणवर थांबलं. "हा मी असन. हा बोलते माह्यासारखा."

ती हे सहज म्हणाली, जराही वाईट न वाटता. तेच दीक्षाला सोसलं नाही. ती उठली, तरातरा स्टेजवर चढली आणि रागिणी मॅडमच्या हातून माइक जवळजवळ हिसकावला.

"पान एकतीस उघडा. तिथं जे छापलं हाय, थे खोटं हाय. माही कप्तान अशी बोलत नाई. ती बोलते, मले तू पायजे. पण जबरदस्ती नाई. बसाचं असन त बस, नाई त उतर." तिने पहिल्या रांगेकडे बोट केलं. "हे वाक्य माह्या आईचं हाय. त्या वाक्यानं तिनं बावीस वर्षं गाडी चालू ठेवली. तवा कोणी हासलं नाई."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. दीक्षा स्टेजवरच्याच सह्या करायच्या टेबलाशी बसली, पिशवीतून व्हाइटनर आणि काळं पेन काढलं. पहिली प्रत ओढली. 'मला'मधल्या 'ला'चा काना पांढरा केला, त्यावर मात्रा दिली, मले. 'अन्यथा' पुरता बुजवून 'नाई त' लिहिलं, बाकीचं वाक्यही तसंच बदललं. खाली सही केली नाही, हा दुरुस्त केलेला फुगा हीच सही.

लोक हळूहळू रांगेत आले. गजेंद्र धावत स्टेजवर चढला. "ताई, कोऱ्या प्रती खराब होऊन राहिल्या! बंद करा हे!" त्याने पुढ्यातली प्रत ओढली. शाई फरफटली.

इंदूबाई तिच्या खुर्चीतून उठली. पायऱ्या चढून आली. चष्मा काढून पदराला पुसला, परत लावला आणि गजेंद्रच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं.

"गजेंद्रभाऊ," ती म्हणाली. माइक नव्हता, पण मागच्या दारापर्यंत ऐकू गेलं. "बसाचं असन त बसा, नाई त उतरा."

कोणी हसलं नाही.

गजेंद्रने तिच्याकडे पाहिलं, हॉलकडे पाहिलं. मग तो स्टेजवरून खाली उतरला.

इंदूबाईने फरफटलेली प्रत दीक्षापुढे सरळ ठेवली आणि टेबलावर बोटाने दोनदा वाजवलं, टण टण.