कर्ता : नोएल

मी एक खूण बोलतेय. कुंकवाची नाही, कपाळावरची नाही, संगणकातली. जुन्या घटना लिहून ठेवणारे लोक घटनेच्या आधी टोकदार कंसात एक शब्द टाकतात, घटना संपली की तोच शब्द पुन्हा टाकून ती बंद करतात. ती दोन टोकं म्हणजे मी. शिकलेले मला टॅग म्हणतात, म्हणोत बापडे. माझ्या अंगावर रकाने आहेत. केव्हा, कुठे, काय प्रकार, कर्ता कोण, सांगणारं कोण. उद्या कुणी हजारो पानांत शोधायला बसलं, तर या रकान्यांवरूनच मी सापडते. म्हणून माझ्यात खोटं भरलं की ते खोटं कायमचं.

माझ्यात पहिल्यांदा खोटंच भरलं होतं.

अंधेरीच्या एका गावठाणातली गोष्ट. उपनगरातल्या गावठाणांचा इतिहास जमवणारी एक संस्था आहे, तिथे अबोली नावाची मुलगी काम करते. मुलगी चांगली, पण पोलिसांचा कागद समोर ठेवून तिने मला घडवलं. प्रकार लिहिला : दोन गटांतली मारामारी. मेला : अर्बन, हातात कोयता. कर्ता : अज्ञात.

मग पेट्रिशिया आली. अर्बनची बहीण, मासळी विकणारी, चौथीपर्यंत शिकलेली. अबोलीने वाचून दाखवलं तशी ती म्हणाली, “कोयता कशाला होता ते विचारलंस कुणाला?”

अबोलीने नव्हतं विचारलं.

पेट्रिशियाने सांगितलं आणि अबोली लिहीत गेली. तेच आता माझ्या पोटात आहे. पेट्रिशियाची मुलगी वेन्डी, तिच्या लग्नाचा आदला दिवस. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती घरात लग्नाआधी बँड वाजवत विहिरीवर जातात, उंबराचं पाणी आणतात, त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. विहिरीला नारळ द्यायचा असतो. नारळ फोडायचा मान मामाचा, म्हणून कोयता अर्बनच्या हातात. आता विहिरीची जागा एका बिल्डरला हवी होती आणि अर्बन सही देत नव्हता. हे सगळ्या गावठाणाला ठाऊक होतं.

बँड विहिरीशी पोचला तेव्हा अजून उजेड होता. कुंपणाआडून माणसं निघाली, हातात सळया. कॉर्नेट वाजवणाऱ्याला वाजवता वाजवताच तोंडावर हाणलं, त्याचे दात पितळेत अडकले. ढोल फाडला. बायकांच्या डोक्यावरच्या कळशा लाथांनी पाडल्या. म्हातारी माणसं पळता पळता एकमेकांच्या अंगावर पडली. सळईवाले बाहेरचे होते, अर्बन कोण ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांना तो दाखवला नोएलने. नोएल म्हणजे पेट्रिशियाचा सख्खा दीर. पुतणीच्या लग्नाला नवा कोट शिवलेला, तोच घालून आलेला. त्याने बोट केलं. पहिला घाव अर्बनच्या गुडघ्यावर बसला. तो खाली बसला, तर नोएलने एकाच्या हातातली सळई घेतली आणि अर्बनच्या डोक्यात घातली. एकदा नाही. कवटीचा आवाज पेट्रिशियाने ऐकला. तिने आपल्या लुगड्याचा पदर त्या भोकात कोंबला, तरी तो तिच्या मांडीवरच गेला.

कोर्टात सगळे सुटले. दोन्हीकडे हत्यारं होती म्हणे. पेट्रिशियाला साक्षीला बोलावलंच नाही. नोएल आजही तिच्या समोरच्या घरात राहतो.

“कर्ता काय लिहू, आंटी?” अबोलीने विचारलं.

इतकी वर्षं पेट्रिशिया ‘त्यांनी मारलं’ एवढंच म्हणत आली होती. नवरा जिवंत होता तोवर त्याच्या भावाचं नाव तोंडातून काढलं नाही. मी उघडी, रकाना रिकामा.

“नोएल लिही,” ती म्हणाली. “आणि मारामारी पूस. हल्ला लिही.”

संस्थेची एक रीत आहे. ज्यांचा इतिहास, त्यांच्यापुढे तो वाचून दाखवायचा, मगच पक्का करायचा. चर्चमधली रविवारची मिस्सा संपली, लोक हॉलमध्ये बसले, अबोलीने मला वाचलं. सगळं वाचलं, नावासकट. नोएल मागे उभा होता.

तो खुर्च्या उडवत पुढे आला. लॅपटॉप उचलून फरशीवर आपटला, वर बूट घातला. मला त्यात ठेवलंय असं वाटलं त्या येड्याला. अबोलीने अडवलं, तिला त्याने भिंतीवर ढकललं, तिचं कपाळ फुटलं. मग पेट्रिशियाचा गळा धरला. “वयनी, तुझ्या भावाच्या कबरीत जागा शिल्लक आहे,” असं म्हणाला. सगळ्यांसमोर म्हणाला. पेट्रिशियाने त्याचा अंगठा दातात धरला आणि हाड लागेपर्यंत सोडला नाही. त्याची बायको जोआना ओरडत मध्ये पडली तेव्हा कुठे दोघं सुटली. कॉर्नेटवाला बसला होता, बाकीचे बसले होते. कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी नोएलच्या वकिलाची नोटीस आली. संस्थेचे मोठे साहेब सुबोध सर, भला माणूस, पण घाबरला. कर्ता परत अज्ञात करू या म्हणाला, बाकी सगळं राहील. पेट्रिशियाला समजवायला लागला की, बाई, तो तुमच्यावर केस टाकेल.

तिच्या गळ्यावर बोटांचे वळ होते, आवाज बसलेला. ती म्हणाली, “टाकू दे ना. सांगणारं कोण तिथे माझं नाव घाला, बापाच्या नावासकट, घर नंबरसकट. तो केस टाकेल, तर मला कोर्टात बोलवावं लागेल. मला तेच पाहिजे. मला कुणी विचारलंच नाही अजून.”

सरांनी अबोलीकडे बघितलं. अबोलीच्या कपाळाला पट्टी. तिने विचारलंसुद्धा नाही, नाव घालून टाकलं.

तर आज मी अशी आहे. कर्ता नोएल, सांगणारी पेट्रिशिया, दोन नावं एकाच ओळीत, समोरासमोरच्या घरांसारखी. केस लागली आहे. तारीख पडते, पेट्रिशिया मासळीची पाटी शेजारणीकडे देऊन जाते, अजून तिची पाळी आलेली नाही. कोर्ट म्हणालं तर मला पुसतीलही. मला हातपाय नाहीत, मी अडवू शकत नाही.

त्या हॉलमध्ये बसलेल्यांनो, तुम्हाला सांगते. माझ्यात सांगणाऱ्याचा रकाना एकाच नावाचा नाही. कितीही नावं मावतात. अबोली दुपारभर ऑफिसात असते. या आणि आपलं नाव सांगा. म्हातारी एकटी उभी आहे.