खंडोजींच्या गळ्यातला निळा टाय

मी एक जुना निळा टाय आहे, मित्रांनो. १९५३ साली बंगळुरातल्या एका विजेच्या बटणांच्या कारखान्यासाठी माझा जन्म झाला. आम्ही एकाच ताग्यातून कापलेली साठ भावंडं. वर्धापनदिनी सगळ्या कारकुनांचा फोटो निघे, त्यासाठी आम्ही.

टायची गाठ मारणं हेडक्लार्क सुब्बारावांना एकट्यालाच येई. त्यांनी आम्हा साठांना एकदाच गाठी मारल्या. पुढं कुणी त्या सोडल्या नाहीत. फास सैल करायचा, डोक्यातून घालायचा आणि आवळायचा.

मी खंडोजींच्या वाट्याला आलो. ते बटणांचे नकाशे उतरवीत. घराणं तीन पिढ्या बंगळुरात. उजव्या कानाला भोक, डोक्याला लाल पागोटं. ते मात्र माझ्या फासात मावेना.

"खंडोजी अण्णा, स्वल्प पागोटं काढा," सुब्बाराव म्हणाले.

"गाठच सोडा की."

"आणि पुन्हा कोण बांधणार? त्या दिवशी मला साधली, एवढंच."

"पण आमची मंडळी फोटोत मला पागोट्यावरनं हुडकते हो."

"साहेबांना सगळे सारखे हवेत. मंडळींना सांगा तसं, सरी? ठीक?"

पागोटं उतरलं. फोटो घरी गेला, तेव्हा सोयराबाईंनी बराच वेळ बोट फिरवलं. "हे तुम्ही का?" तो गोदामातला उपेंद्र निघाला. खंडोजी हसले. मुद्दाम मोठ्यानं हसले.

दुसऱ्या वर्षी साहेबांसारखी मिशी कातरली, तिसऱ्या वर्षी तसाच भांग पाडला. साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "छान दिसतोस!" माझी छाती फुगली, खंडोजींचीही. सोयराबाईंनी बोट फिरवणं सोडून दिलं.

१९६६ साली खंडोजी निवृत्त झाले. मी विटलो होतो, म्हणून मला त्यांच्या गळ्यातच राहू दिलं. शिवाय वर्धापनदिनाच्या फोटोतला त्यांचा चेहरा मोठा करून, चौकटीत घालून साहेबांनी दिला. टाळ्या झाल्या.

घरी सोयराबाईंनी तो उजेडात धरला. "हे तुम्ही नव्हंच. ह्याच्या कानाला भोक कुठाय?"

खंडोजींनी कान चाचपला. भोक जागेवर होतं. त्यांनी पुन्हा चौकट पाहिली.

"खाली नाव माझं आहे. सही साहेबांची आहे. साहेब कशाला चुकतील?"

"मी चुकले म्हणता? तेहतीस वर्षं एका ताटावर जेवले!"

"तुला फोटोतलं काय कळतं? मीच आहे तो."

खिळा त्यांनीच ठोकला. महिन्याभरात ते आरशात न बघता त्या फोटोत बघून भांग पाडू लागले.

पुढच्या वर्षी खंडोजी वारले. हार त्याच फोटोला घातला. सांत्वनाला आलेले सुब्बाराव हात जोडून म्हणाले, "हुबेहूब!" सोयराबाई भिंतीकडं पाठ करून बसल्या.

मित्रांनो, आपल्या माणसांचे चेहरे वेळीच नीट पाहून ठेवा. आम्हा टायांना विचारू नका. आम्ही कुणाच्याही गळ्यात शोभतो.